वाचकांचे प्रश्न : गेममधल्या धूसर भिंती आणि रंगीत ठिपके

प्रश्न : माझ्या संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी आणि साधी हार्ड डिस्क आहे. शहरभर गाडी फिरवण्याच्या गेममध्ये इमारतींच्या भिंती आणि दुकानांच्या पाट्या चिखल फासल्यासारख्या दिसतात आणि गाडी थांबवली की काही क्षणांनी स्पष्ट होतात. मित्राच्या सल्ल्याने बायॉसमध्ये ग्राफिक्ससाठी ४ जीबी मेमरी राखून ठेवली, तर आता गेम मध्येच बंद पडू लागला आहे. नेमके काय करावे? — एक वाचक, सांगली

उत्तर : गाडी थांबवल्यावर भिंती स्पष्ट होतात, ही आपल्या पत्रातली सर्वांत उपयोगी माहिती आहे. टेक्स्चरच्या, म्हणजे भिंती-पाट्यांवर चढवलेल्या चित्रांच्या, फाइल शाबूत आहेत, त्या फक्त वेळेवर पोहोचत नाहीत, असा तिचा अर्थ होतो. त्यामुळे गेम पुन्हा इन्स्टॉल करण्यात वेळ घालवू नये.

मेमरी किती लागते, याचा हिशेब पाहा. ४०९६ × ४०९६ पिक्सेलचे एक टेक्स्चर प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट या दराने ६४ एमबी जागा घेते, आणि दूरच्या दृश्यासाठी त्याच्या ज्या लहान होत जाणाऱ्या प्रती सोबत ठेवाव्या लागतात त्या धरून ते सुमारे ८५ एमबींवर जाते. गेममध्ये ते बहुधा आकुंचित स्वरूपात, म्हणजे पिक्सेलमागे १ बाइट किंवा त्याहून कमी जागेत ठेवतात. तरीही ते २१ एमबींच्या आसपास भरते, आणि एकाच भिंतीला रंग, उठाव व चकाकी यांसाठी अशी दोन-तीन टेक्स्चर लागतात. त्यांची लांबी-रुंदी निम्मी केली की लागणारी जागा एक चतुर्थांश होते. म्हणून गेममधले ‘टेक्स्चर क्वालिटी’ एक पायरी खाली आणणे हा पहिला उपाय आहे. सावल्या किंवा रिझोल्युशन कमी करून मेमरीची ओढ तितकी सुटत नाही.

आता मित्राच्या सल्ल्याकडे वळू. बायॉसमधले, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधले, ग्राफिक्ससाठी मेमरी राखून ठेवणारे ‘यूएमए फ्रेम बफर साइज’ हे सेटिंग चुकीचे नाही. ८ जीबीच्या संगणकात त्याला ४ जीबी देणे चुकीचे आहे. राखून ठेवलेली मेमरी विंडोजच्या हातून कायमची जाते. उरलेल्या ४ जीबीत विंडोज, ब्राउझर आणि गेम यांना दाटीवाटीने राहावे लागते आणि शेवटी गेम बंद पडतो. त्यातही आपल्यासारख्या प्रोसेसरमध्येच असलेल्या एकत्रित ग्राफिक्सला राखीव मेमरी संपल्यावर साधी रॅम वापरता येतेच, विंडोज त्यासाठी साधारण निम्म्या रॅमपर्यंत मुभा देते. टास्क मॅनेजरमधील ‘परफॉर्मन्स’ विभागात जीपीयूवर (ग्राफिक्सच्या भागावर) क्लिक केल्यास ‘डेडिकेटेड’ (राखीव) आणि ‘शेअर्ड’ (साध्या रॅममधली) असे दोन्ही आकडे गेम चालू असताना पाहता येतात. तूर्त हे सेटिंग ५१२ एमबी किंवा १ जीबीवर आणावे. राखीव मेमरीचा आकडा पाहूनच टेक्स्चरचे पर्याय खुले करणारे काही गेम असतात, त्यांच्यासाठी २ जीबी ठेवण्यात अर्थ आहे, मात्र संगणकात १६ जीबी रॅम झाल्यावरच.

खरी अडचण त्या एकट्या पट्टीत आहे. स्वतंत्र कार्डाला स्वतःची वेगवान मेमरी असते, तर आपले ग्राफिक्स प्रोसेसरच्याच रॅमवर जगते. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पुरवते, दोन पट्ट्या दोन वाहिन्यांत बसवल्यास ५१.२ जीबी. आहे त्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी पट्टी घ्यावी आणि मदरबोर्डाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जोडीच्याच खाचांत बसवावी. चार खाचा असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी. नंतर बायॉसमध्ये रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारे ‘एक्सएमपी’ किंवा ‘डीओसीपी’ हे सेटिंग सुरू आहे का ते पाहावे, कारण ते बंद असल्यास ३२०० ची पट्टी अनेकदा २१३३ किंवा २४०० वर मुकाट्याने चालत राहते. त्यानंतर पैसे उरले तर गेम एसएसडीवर हलवावा. विखुरलेल्या फाइल उचलताना हार्ड डिस्कचा वेग फार घसरतो आणि वेगात गाडी चालवताना नेमके तेच काम तिच्याकडून अपेक्षित असते.

प्रश्न : माझ्याकडे चांगले ग्राफिक्स कार्ड आहे, टेक्स्चर ‘अल्ट्रा’वर आहेत, तरी पायाजवळचा रस्ता स्पष्ट आणि थोडा पुढचा रस्ता पुसट दिसतो. — एक वाचक, नाशिक

उत्तर : दूर जाणारे तिरके पृष्ठभाग स्पष्ट ठेवणारे ‘अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग’ हे सेटिंग १६एक्सवर ठेवावे. गेममध्ये हा पर्याय नसेल तर ड्रायव्हरच्या, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, कंट्रोल पॅनेलमधून त्या एका गेमपुरता लावावा. आजच्या स्वतंत्र कार्डांवर त्याचा भार सहसा नगण्य असतो.

प्रश्न : जुन्या बाजारातून घेतलेल्या कार्डावर गेम सुरू केला की थोड्या वेळाने भिंतींवर रंगीत चौकटी आणि लांबच लांब त्रिकोण दिसू लागतात. सेटिंग बदलून हे दुरुस्त होईल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : दोष दिसत असताना स्क्रीनशॉट घेऊन तो मोबाइलवर पाहा. त्यात चौकटी नसतील तर बिघाड केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये आहे. चौकटी असतील, तर जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा बसवावा. तरीही फरक न पडल्यास संशय कार्डाच्या मेमरीवर किंवा तिच्या तापमानावर घ्यावा.

एमएसआय आफ्टरबर्नर या मोफत प्रोग्रॅममध्ये मेमरी क्लॉक, म्हणजे कार्डाच्या मेमरीचा वेग, २०० मेगाहर्ट्झने खाली आणून आणि पंख्याचा वेग वाढवून तोच गेम खेळून पाहा. चौकटी गेल्या तर कार्ड त्याच वेगावर चालू ठेवण्यास हरकत नाही, कारण थोडे फ्रेम कमी मिळतील इतकेच. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवर चालणारे मायनिंग (ते चलन मिळवण्यासाठीची आकडेमोड) थांबल्यावर पुष्कळ वापरलेली कार्डे बाजारात आली, आणि त्यांपैकी काहींचे स्वतःचे बायॉस (कार्डातच असलेला मूळ प्रोग्रॅम) मेमरीचा वेग वाढवण्यासाठी बदललेले असते. आपल्या कार्डाच्या कडेला दोन बायॉसमध्ये अदलाबदल करणारी कळ असेल, तर संगणक बंद करून ती दुसऱ्या बाजूला सरकवून पाहावी.

संगणक सुरू होतानाच्या बायॉसच्या पडद्यावरही ठिपके दिसत असतील, तर मात्र कोणतेही सेटिंग कामाचे नाही. कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा जो घरगुती उपाय सांगितला जातो, तो अजिबात करू नये: कार्ड चाललेच तर थोडे दिवस चालते, आणि त्याची वाफ स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये मुरते. विक्रेत्याने तपासणीची मुदत दिली असल्यास स्क्रीनशॉट दाखवून ते मुदतीतच परत करावे.