कुत्र्याला बोर्डिंगला ठेवतोच आहोत, तर ‘ट्रेनिंगसह २१ दिवस’ हे पॅकेज घ्यावं का? पुण्यातला कुणाचा अनुभव आहे का?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात घरचं लग्न आहे, सगळे दहा-बारा दिवस साताऱ्याला असणार. दोन वर्षांचा लॅब्रडॉर आहे, फिरायला नेलं की पट्टा ओढतो, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो. आणि एका केंद्रवाल्यांनी सांगितलंय, ठेवताच आहात तर २१ दिवस ठेवा, शहाणा करून परत देतो.

घेऊ नका. बोर्डिंगला जरूर ठेवा, पण नीट जागा बघून. ट्रेनिंग मात्र तुमच्या घरी, तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या. असं का म्हणते ते सविस्तर सांगते, कारण हेच पॅकेज आम्ही घेतलं होतं.

आमची चिंगी गावठी आहे. वारज्याला पुलाखाली पावसात सापडली होती, तेव्हा जेमतेम दीड महिन्यांची असेल. २०२२च्या एप्रिलमध्ये भावाचं लग्न सांगलीला होतं, तेव्हा ती दोन वर्षांची होती. जिन्यातून कुणी वर आलं की भुंकायची आणि रस्त्यात दुसरा कुत्रा दिसला की हाताला झटका देऊन पुढे पळायची. मुळशीच्या रस्त्याला आत एक जागा होती. मोठा प्लॉट, भोवती हिरवं कापड लावलेलं कुंपण, गार ऑफिस, भिंतीवर कुत्र्यांचे फोटो. मालक गोड बोलणारे. मी विचारलं, “कुत्री रात्री झोपतात कुठे? जरा बघू का?” तर म्हणाले, “ताई, नवीन माणूस आत गेलं की सगळे भुंकायला लागतात, त्यांना त्रास होतो.” मला ते पटलं. आम्ही आत न जाता पैसे भरले आणि तिला सोडून आलो. आज मागे वळून बघते तेव्हा बाकी सगळं बाजूला राहतं आणि तो एकच क्षण टोचतो.

रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायचा. लग्नाच्या धावपळीत फोटो बघितला की जिवाला बरं वाटायचं. पुण्याला परत आल्यावर मी ते फोटो ओळीने लावून बघितले. मंगळवारच्या, बुधवारच्या आणि गुरुवारच्या फोटोत फरशीवर पाण्याचा डाग अगदी त्याच आकाराचा होता आणि कोपऱ्यातल्या नळीचं वेटोळंही जसंच्या तसं. तिन्ही फोटो एकाच वेळी काढून ठेवले होते. म्हणून तुम्ही फोटोवर समाधान मानू नका. व्हिडिओ कॉल मागा, आणि तोही तुमच्या वेळेला.

चिंगी घरी आली ती शांत. भुंकणं नाही, ओढणं नाही. ‘सीट’ म्हटलं की बसायची. आई म्हणाली, “किती शहाणी झाली गं!” शेजाऱ्यांनी त्या जागेचा नंबर मागून घेतला. तिसऱ्या दिवशी बाबांनी तारीख बघायला भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि बोलता बोलता त्याची सुरळी केली. त्यांच्या हातातली ती सुरळी बघून चिंगी पोटावर सरपटत टेबलाखाली गेली आणि तिथेच तिला शू झाली. बाबा सुरळी हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांनी आयुष्यात तिच्यावर हात उगारला नव्हता. मग आम्ही पट्टा काढून बघितलं. मानेवर बोटभर रुंदीचं कडं उमटलं होतं, तिथले केस गेलेले. चोक चेनचं, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणाऱ्या साखळीचं.

म्हणजे ती शहाणी झालीच नव्हती, तिने फक्त हार मानली होती. याच्यामागचं शास्त्र जुनं आहे. १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात कुत्र्यांना विजेचे झटके दिले. त्यातल्या काही कुत्र्यांना झटका थांबवण्याचा कुठलाच मार्ग ठेवला नव्हता. पुढे याच कुत्र्यांना अशा खोक्यात ठेवलं की मधली बुटकी भिंत ओलांडली की सुटका. तरी त्यातली दोन तृतीयांशाच्या आसपास कुत्री उडी न मारता तिथेच पडून राहिली. प्रयोग क्रूर होता, पण त्यातून जे कळलं ते आमच्या घरात मी डोळ्यांनी बघितलं. काहीही केलं तरी त्रास होणारच, हे एकदा कळलं की जनावर काही करायचंच सोडून देतं, आणि आपण त्यालाच शिस्त समजतो.

तुम्हाला कुणी म्हणालं ना की “कुत्र्याला मालक कोण ते दाखवून द्यावं लागतं, तुम्ही त्याचा अल्फा व्हायला पाहिजे”, म्हणजे कळपाचा म्होरक्या, तर तिथूनच परत फिरा. ही कल्पना आली ती रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणांवरून, आणि ते लांडगे पिंजऱ्यात एकत्र कोंडलेले होते. ती कल्पना पुढे लोकप्रिय करणाऱ्यांत डेव्हिड मेक हे अभ्यासक होते. त्यांनीच १९९९ साली लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आईबाप आणि पिल्लं, तिथे सत्तेसाठी मारामारी चाललेली नसते. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं की शिकवायचं ते बक्षीस देऊनच, अगदी अंगावर जाणाऱ्या कुत्र्यालासुद्धा. आपल्याकडे मात्र चोक चेन अजून ‘ट्रेनिंगचा पट्टा’ म्हणून सर्रास विकतात.

आणि समजा त्या केंद्रात एकही काठी उगारली गेली नाही, तरी २१ दिवसांचं पॅकेज तुमच्या कामाचं नाही. कुत्रा जे शिकतो ते त्या जागेला आणि त्या माणसाला चिकटून राहतं. त्यांच्या अंगणात, त्यांच्या आवाजाला तो बसेल. तुमच्या जिन्यात, दारात पाहुणे उभे असताना, तुमच्या आईच्या आवाजाला का बसेल? पट्टा ओढतो तेव्हा दुसऱ्या टोकाला तुम्ही असता ना? मग शिकायचं तुम्हा दोघांना मिळून.

आता तब्येतीचं. चिंगी घरी आल्यावर अकराव्या दिवशी तिने दहीभाताला तोंड लावलं नाही. दहीभात ती कधीच सोडत नाही. हिरड्या वर करून बघितल्या तर पांढरट. डॉक्टरांनी रक्त तपासलं, प्लेटलेट ४१ हजार. निरोगी कुत्र्याच्या साधारण दोन ते पाच लाख असतात. टिक फीव्हर, म्हणजे गोचीडताप. त्यातला एर्लिकिया हा प्रकार आपल्याकडे नेहमी बघायला मिळतो. तपकिरी गोचीड चावल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांनी त्याची लक्षणं दिसतात. २८ दिवस डॉक्सिसायक्लिन दिलं, पहिले चार दिवस सलाईन. वाचली. गोचीड तिथलेच होते असं डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नव्हते आणि मीही सांगणार नाही, कारण गोचीड सोसायटीच्या बागेतही असतात. पण आल्या दिवशी तिच्या बोटांच्या बेचक्यांतून आणि कानांच्या घड्यांतून मी स्वतः सतरा गोचीड काढले होते, टम्म फुगलेले.

त्या दिवसापासून मी लोकांचे रिव्ह्यू वेगळ्या नजरेने वाचते. त्या जागेला जवळजवळ पाच तारे होते. पण बहुतेक लोक रिव्ह्यू कधी लिहितात? कुत्रा परत न्यायला जातात तेव्हा, फाटकापाशी. तो शेपूट हलवत धावत येतो, आपल्याला भरून येतं, मालक हसत फोन पुढे करतात आणि आपण पाच तारे देऊन मोकळे होतो. आजार बाहेर पडतो त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी, भीती कळायला तर कधी त्याहून जास्त दिवस लागतात. म्हणून ‘दुसऱ्यांदा ठेवला’, ‘तिसरी दिवाळी इथेच’ असं लिहिणाऱ्यांचं ऐका. आणि जमलं तर तुमच्या भागातल्या पशुवैद्याला विचारा. कुठल्या जागेहून आलेली कुत्री खोकत येतात, ते त्याला पाठ असतं.

आम्ही फोन केला तर उत्तर मिळालं, “आमच्याकडे आजवर कुणाचीच तक्रार नाही.” पैसे परत मिळाले नाहीत. रोख दिले होते, पावती घेतली नव्हती. पावती घेतलीत तर तुमचा हात रिकामा राहत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवरही विचारता येतं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा आहेच, पण तो १९६०चा. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. त्याच्या भीतीने कुणी हातातली साखळी खाली ठेवेल असं वाटत नाही.

मग वर्षभर आम्ही कुठे गेलोच नाही. चिंगीला सोडायचं या विचारानेच पोटात गोळा यायचा. पुढच्या वर्षी बाबांच्या ऑपरेशनसाठी मुंबईला जावं लागलं, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी एका काकूंचं घर सुचवलं. बोर्ड नाही, ऑफिस नाही. जुना बंगला, एका वेळी सहाच कुत्री घेतात. काकूंनी दर सांगण्याआधी मलाच पाऊण तास प्रश्न विचारले. गडगडाटाला घाबरते का? झोपते कुणाजवळ? ताटातलं कुणी घेतलं तर गुरगुरते का? नसबंदी झाली आहे का? रात्री अडीचला काही झालं आणि तुमचा फोन लागला नाही, तर डॉक्टरकडे किती खर्चापर्यंत मी निर्णय घेऊ? हा शेवटचा प्रश्न ऐकला आणि मी निश्चिंत झाले. ज्याने हे विचारलं त्याने तशी रात्र काढलेली असते.

सगळ्या खोल्या दाखवल्या. पंखे, मच्छरदाणीच्या जाळ्या, दोन फाटकं. एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हा तिथला नियम. हे दुसरं फाटक तुमच्या जागेला आहे का ते नक्की बघा. आमच्याच इमारतीतला एक लॅब्रडॉर दिवाळीत अशाच एका ठिकाणाहून फटाक्यांच्या आवाजाला बिचकून पळाला. फाटक एकच होतं आणि दूधवाल्यासाठी उघडलेलं होतं. दोन दिवसांनी सापडला, पाय सोललेले.

काकूंनी आधी एक रात्र चाचणीला ठेवायला लावलं आणि माझी न धुतलेली जुनी ओढणी मागून घेतली, तिच्या अंथरुणात घालायला. पहिल्या दिवशी मेसेज आला: “आज जेवली नाही. पाणी प्यायली. दाराकडे बघत बसली आहे. मी शेजारी बसले आहे.” दुसऱ्या दिवशी: “संध्याकाळी दहीभाताचे चार घास.” फोटो नव्हता, पण त्या ‘जेवली नाही’वर माझा पूर्ण विश्वास बसला. नव्या जागी पहिल्या दिवशी कुत्रा जेवला नाही तर त्यात फारसं वावगं नाही, आणि ते लपवत नाहीत अशाच लोकांकडे ठेवावा.

ट्रेनिंगला घरी एक दादा यायचे, आठवड्यातून दोनदा. पहिल्या दिवशी ते चिंगीला शिवलेसुद्धा नाहीत. जमिनीवर तिच्याकडे पाठ करून बसले आणि उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे बाजूला टाकत राहिले. पंचविसाव्या मिनिटाला तिने त्यांच्या बाहीचा वास घेतला. मग त्यांनी पट्टा आईच्या हातात दिला. पट्टा सैल असेल तोवर चालायचं, ताठ झाला की झाडासारखं उभं राहायचं, वळून बघितलं की ‘शाब्बास’ आणि तुकडा. शब्द तोच, सगळ्यांनी तोच वापरायचा. बाबांनी रोज कागदाची सुरळी हातात धरायची आणि त्यातूनच खाऊ द्यायचा. दोन महिने लागले. आता बाबांनी कॅलेंडर काढलं की ती जाऊन समोर बसते.

तुमच्या लॅब्रडॉरसाठी एवढं करा. लॅब समोर येईल ते खातो, म्हणून रोजच्या खाण्याच्या मोजलेल्या पुड्या करून द्या. रेबीज, नाइन-इन-वन ही एकत्रित लस आणि केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लस किती आधी द्यायची हे डॉक्टरांना महिनाभर अगोदर विचारा, गोचीडांची चघळायची गोळीही तेव्हाच. जी जागा लसीचं कार्ड मागत नाही, ती बाकीच्या कुत्र्यांचंही मागत नसणार. पट्ट्याला फोन नंबरचा बिल्ला लावा. उड्या मारणं आणि ओढणं लग्नानंतर घरी शिकवता येईल, दोन वर्षांचा म्हणजे काही उशीर झालेला नाही. डिसेंबरात लग्नं सगळ्यांकडेच असतात, चांगल्या जागा लवकर भरतात, तेव्हा चाचणीची रात्र नोव्हेंबरातच उरकून घ्या.

परत आणाल तेव्हा घरी नेऊन उजेडात बसवा आणि बोटांच्या बेचक्या, कानांच्या घड्या, पट्ट्याखालची मान, शेपटीचं मूळ हाताने चाचपून बघा. पुढचे तीन आठवडे रोज सकाळी एकदा ओठ वर करून हिरड्या बघायच्या. फिकट वाटल्या किंवा नाकातून रक्ताचा थेंब दिसला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.