तो शॉट ठेवायचा की काढायचा

प्रिय मित्रा,

ऊसतोड कामगारांवरच्या तुझ्या माहितीपटाचा रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, पाहिलं. पहाटेचा भाग छान जमलाय. ट्रॅक्टरच्या उजेडात मोळ्या बांधतात तिथं तर बघणाऱ्यालाही थंडी वाजते. पण तू विचारलंस वेगळंच. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही हे सांगता सांगता ती बाई रडायला लागते, तो शॉट ठेवू का? तुझे मित्र म्हणतात, फिल्मचा जीव तिथंच आहे.

यावर आधी किश्लोव्स्कीबद्दल लिहितो. क्रिस्तॉफ किश्लोव्स्की, पोलंडचा दिग्दर्शक. त्याची 1993-94 मधली 'निळा, पांढरा, लाल' ही त्रयी तू पाहिलीयस; फिल्म सोसायट्यांमधली पोरं तिथूनच सुरुवात करतात. तुझ्या प्रश्नाला मात्र त्याच्या आधीची वर्षं उपयोगी पडतील.

1941 साली वॉर्सात जन्म. वडिलांना क्षय, त्यामुळे कुटुंबाची फरपट एका सॅनेटोरियमहून दुसऱ्याकडे. लॉड्झच्या फिल्म स्कूलनं त्याला दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा घेतलं. लोक एवढंच सांगतात आणि 'हार मानू नकोस' म्हणतात. ते सोड. पुढं बरीच वर्षं तो माहितीपट करत होता. सरकारी कचेरीच्या खिडकीपुढं ताटकळणारी माणसं, सर्जन लोकांची सलग 32 तासांची ड्युटी, असले विषय. कम्युनिस्ट राजवटीत जे जगणं छापून येत नव्हतं ते निदान पडद्यावर तरी दिसावं, हा ध्यास.

1974 मध्ये त्यानं एका कोवळ्या जोडप्यावर फिल्म केली. मुलगी गरोदर, लग्नाची घाई, राहायला धड जागा नाही. बाळंतपणापर्यंत कॅमेरा त्यांच्यासोबत होता. बाप झालेला पोरगा रडला, तेही चित्रित झालं. तुझ्या मित्रांच्या भाषेत फिल्मचा जीव. किश्लोव्स्की मात्र त्यानंतर अस्वस्थ झाला. खऱ्या अश्रूंची आपल्याला भीती वाटते, ते टिपण्याचा हक्क आपल्याला आहे का हेच कळत नाही, अशा अर्थाचं तो पुढं बोलला.

1977 मधल्या फिल्ममध्ये एक कारखान्याचा पहारेकरी आहे. शिस्तीचा भोक्ता, लोकांवर नजर ठेवण्यात धन्यता मानणारा. बोलतो असं की ऐकताना अंगावर काटा येतो, आणि बिचाऱ्याला त्यात काही वावगं बोललो असं वाटतही नाही. ती टीव्हीवर दाखवायला किश्लोव्स्कीनंच विरोध केला. कारण साधं: शेजारीपाजारी, नातेवाईक बघतील आणि त्या माणसाला जगणं नकोसं होईल. त्याचा राग पहारेकऱ्यांना घडवणाऱ्या व्यवस्थेवर होता, त्या एका माणसावर नव्हता.

मग आलं वॉर्साचं रेल्वे स्टेशन. 1980 च्या फिल्मसाठी तिथं रात्री शूटिंग चाललेलं असताना पोलिसांनी सगळी रिळं ताब्यात घेतली. आईचा खून करून मृतदेह सुटकेसमध्ये घालून लॉकरमध्ये ठेवणारी एक मुलगी त्यांना हवी होती. रिळांत ती निघाली नाही. पण निघाली असती तर? त्याच्या मनाविरुद्ध त्याचा कॅमेरा पोलिसांचा खबऱ्या झाला असता. त्यानंतर माहितीपटांवरून त्याचं मन उडालंच.

उलट अनुभवही त्याला आला. डिसेंबर 1981 मध्ये पोलंडमध्ये मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लागला. राजकीय खटल्यांत आरोपींचे आणि न्यायाधीशांचे चेहरे टिपायला तो कोर्टात गेला, तर कॅमेरा समोर दिसला की न्यायाधीश कडक शिक्षा देईनात! वकीलच त्याला बोलवायला लागले. एक कॅमेरा तर नुसता दाखवायला, आत रीळ नसलेला. तिथंच भेटलेला वकील क्रिस्तॉफ पिएसेविच पुढं त्याचा सहलेखक झाला. बायबलमधल्या दहा आज्ञांवरची दहा भागांची 'डेकॅलॉग' मालिका त्या दोघांनीच लिहिली.

कथापटात त्याला मोकळं वाटलं. तिथं अश्रूंसाठी ग्लिसरीन विकत मिळतं, असं तोच म्हणायचा. 'निळा'मध्ये साखरेचा खडा कॉफीत भिजताना दिसतो ना, तो पाचेक सेकंदांतच भिजायला हवा म्हणून त्यानं सहायकाला निरनिराळे खडे भिजवून बघायला लावलं होतं. साखरेला असं घड्याळ लावलं तर कुणाचं काही जात नाही.

माझं मात्र त्याच्याशी पूर्ण पटत नाही. सगळेच असे कथापटाकडे पळाले, तर फडावर कॅमेरा घेऊन जाणार कोण? तू माहितीपट सोडू नकोस. पण त्याचा पहारेकऱ्याबाबतचा प्रश्न या बाईबाबत विचार: ती मुकादमाचं नाव घेऊन बोललीय. तुझी फिल्म महोत्सवात शंभर लोक बघतील, पण तो एक तुकडा कुणी तरी कापून व्हॉट्सॲपवर टाकेल आणि तो मुकादमाच्या मोबाइलवर पोचेल. पुढच्या हंगामाची उचल तिला त्याच्याकडूनच घ्यायचीय.

तेव्हा गाळप संपून टोळी गावी परतली की लॅपटॉप घेऊन तिच्या घरी जा. शूटिंगच्या वेळी तिनं 'हो' म्हटलं होतं, हे पुरेसं धरू नकोस. तेव्हा फिल्म म्हणजे काय हे तिला दिसलं नव्हतं. तिला एकटीला दाखव, नवरा आणि सासू समोर असताना नको. कोण कोण बघू शकेल ते नावानिशी सांग आणि उत्तरासाठी एक रात्र जाऊ दे. महोत्सवाची तारीख हुकली तर हुकू दे.

ती 'ठेवा' म्हणाली तर ठेव. पण तेव्हाही नाव म्यूट कर आणि रडू फुटताच मारलेला तो झूम काढून टाक. तो तसाही वाईट आहे.

तुझा,
काका