आधी घड्याळ, मग सहा लाख

(पत्र मोठं होतं, थोडक्यात देते.)

ताई, आमची दिंडोरी तालुक्यात अडीच एकर थॉमसन द्राक्षबाग आहे. बाग दादा बघतो, मी नाशिकला अंबडच्या कंपनीत, राहायला सिडकोत. मार्चमध्ये आभाळ भरून आलं आणि दादाने ओळख ना पाळख अशा व्यापाऱ्याशी 31 रुपये किलोने सौदा केला. 50 हजार इसार, बाकी ‘माल पोचल्यावर’. 22 टन माल गेला. ना चेक, ना कागद. आता त्याचा फोन बंद. सहा लाख बत्तीस हजार बुडाले, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. दादा बीएस्सी ॲग्री आहे! मी सगळ्यांसमोर बोललो, ‘अडाण्यालाही कळलं असतं.’ तेव्हापासून तो बोलत नाही, बागेतल्या शेडमध्ये झोपतो. परवा माझ्या मुलाला स्वतःचं घड्याळ देऊन टाकलं, म्हणे ‘आता मला काय करायचंय’. नाटकं नुसती. मला वाटणी हवी आहे. 30 तारखेला वकिलाकडे जातोय. माझं चुकतंय का?
— धाकटा, सिडको

धाकटे बंधू,

पैशांकडे नंतर येऊ. आधी घड्याळ. (हा भाग तुम्हाला पत्र आलं त्याच दिवशी मेलने पाठवला होता. तो इथे छापून येईपर्यंत थांबण्यासारखा नव्हता.)

घरात गप्प झालेला, वेगळा झोपणारा, कर्जात अडकलेला माणूस हातातलं घड्याळ काढून लहान मुलाला देतो आणि ‘मला काय करायचंय’ म्हणतो, तेव्हा त्याला नाटक म्हणायचं नसतं. आज कंपनी सुटली की थेट दिंडोरीचा रस्ता धरा. शेडमध्ये फवारणीची औषधं असतील, ती सगळी उचलून दुसरीकडे कुलपात टाका आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. दादांना एकटं झोपू देऊ नका. आणि आडवळण न घेता विचारा, ‘दादा, जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल ही भीती खोटी आहे. बहुतेकदा कोणीतरी विचारलं याचंच माणसाला हलकं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांच्यापासून हलू नका, तसंच डॉक्टरकडे न्या. ‘टेलिमानस’चा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

आता तुमच्या पत्राबद्दल. मूळ पत्रात सहा लाख बत्तीस हजार हा आकडा चार वेळा आलाय, एकदा तर अधोरेखित. घड्याळ एकदाच, तेही कर्जाच्या हप्त्याच्या आणि वाटणीच्या मध्ये कोंबलेलं. तुम्ही दुष्ट आहात म्हणून हे झालं असं मी मुळीच म्हणत नाही. घाबरलेल्या माणसाची नजर अशीच चालते.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना स्लाइड दाखवल्या. हॉटेलातलं गिऱ्हाईक कॅश काउंटरपाशी येतं. काहींना दिसलं ते गिऱ्हाईक चेक पुढे करत होतं, काहींना दिसलं ते पिस्तूल रोखून होतं. बघणाऱ्याचे डोळे कुठे जातात ते यंत्र टिपत होतं. पिस्तूलवाल्या गटाची नजर पुन्हा पुन्हा पिस्तुलावर जाऊन तिथेच रेंगाळली, आणि नंतर माणूस ओळखायला सांगितल्यावर हीच मंडळी कमी पडली. पिस्तूल नीट पाहिलं, चेहरा निसटला.

तुमचं पिस्तूल सहा लाखांचं. दादांचं कुठलं होतं, ते त्या दिवशी बांधावर उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. घडात साखर भरलेली, साल ताणलेली. अशा मण्याला तासाभराचा पाऊस पुरतो, तडकतो आणि वर्षाची कमाई वेलीवरच सडते. आभाळ काळवंडलेलं. ग्रुपवर दर दहा मिनिटांनी कुणाच्या तरी बागेतल्या गारांचा फोटो. आणि समोर एक माणूस, क्रेट भरलेली गाडी घेऊन, ‘शेठ, उद्या सकाळी तोड लावतो.’ दादा आभाळाकडे बघत होते. व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघायला नजर शिल्लकच नव्हती. ‘चेक कुठाय?’ हा प्रश्न डोकं थंड असताना सुचतो.

धोका दिसला की शरीर आधी हालचालीची तयारी करतं. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने हे 1915च्या आपल्या पुस्तकात मांडलं. मांजर भेदरलं की त्याच्या पोटाची हालचालच थांबते, हे त्याने क्ष-किरणांखाली पाहिलं होतं. आत्ता पचनबिचन नको, आधी जीव वाचव. डोक्याचंही तसंच होतं. मागचापुढचा विचार करणारा, दोन पर्याय तोलणारा मेंदूचा पुढचा भाग ताण वाढला की मंदावतो आणि माणूस अंगवळणी पडलेल्या गोष्टींवर चालायला लागतो. आता सांगा, द्राक्षाच्या धंद्यात अंगवळणी काय पडलंय? शब्दावरचा सौदा. तुमच्या वडिलांनीही तोच केला असेल, आणि पैसे आलेही असतील. दादा घाबरले आणि वडिलांसारखे वागले. फरक इतकाच, की गाडीवाला दुसरा होता.

राहिली बीएस्सी. तामिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. उसाचा पैसा वर्षातून एकदाच हातात येतो, म्हणून त्याच शेतकऱ्यांना तोडणीआधी हात आखडलेला असताना आणि नंतर पैसे आल्यावर सारख्याच प्रकारची कोडी घातली. तोडणीआधी त्यांना ती कमी सुटली. माणूस तोच, शिक्षण तेच. पैशाची काळजी डोक्यातली जागा अडवून बसली होती. माझं सांगते. मी आयुष्यभर इतरांची प्रुफं तपासली, सुटलेला अनुस्वारही पकडते. सासरे अचानक अ‍ॅडमिट झाले त्या रात्री माझ्यापुढे सहा कागद आले. सहाच्या सहांवर सह्या केल्या, एकही वाचला नाही. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने विचारलं तेव्हा कागदांचा रंगसुद्धा आठवेना.

‘अडाण्यालाही कळलं असतं’ हे वाक्य म्हणूनच खोटं आहे. फोन बंद झाल्यावर सगळ्यांनाच कळतं. तोडणीच्या आदल्या रात्री तुमचं दादांशी बोलणं झालं होतं का? झालं असेल तर ‘चेक घे’ म्हणालात, की ‘देऊन टाक, पाऊस येतोय’ म्हणालात? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही.

दादांची चूक झालीच नाही असं मी म्हणत नाही. पण भेदरलेल्या माणसाला ऐन वेळी शहाणपण सुचेल या भरवशावर राहू नका, ते आधीच ठरवून ठेवावं लागतं. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी, आभाळ मोकळं असताना, दोघांनी बसून ठरवा: पैसे खात्यात आल्याशिवाय गाडी बांध ओलांडणार नाही, आणि अनोळखी माणसाशी सौदा करण्याआधी एकमेकांना फोन. शेडच्या दारावर खडूने लिहा. मग मार्चमध्ये विचार करायचा नाही, दार वाचायचं.

आणि वाटणी. ती मागण्यात पाप नाही, कित्येक घरांत त्यानेच भाऊ भाऊ राहिलेत. पण तुमचं पत्र रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आलंय, आणि ‘आता सगळं संपलं’ हे शब्द त्यात दोनदा आहेत. दादांनी एका रात्रीत बाग दिली, तुम्ही एका महिन्यात भाऊ द्यायला निघालात. आपण नाशिककर गंगेला (म्हणजे गोदावरीला) पूर आला की पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते बघतो. छातीला लागलं असेल तर रामकुंडावर कोणी पायऱ्या मोजायला उतरत नाही. 30 तारखेची वेळ रद्द करा. ऑक्टोबर छाटणीनंतरही वाटणीच बरी वाटली तर खुशाल वकिलाकडे जा, मी अडवणार नाही.

पैसे बुडाले असं इतक्यात धरू नका. लेखी करार नाही म्हणजे पुरावा नाही, असं होत नाही. वजनकाट्याच्या पावत्या, गाडीचा नंबर, इसार ऑनलाइन आला असेल तर ती नोंद, व्हॉट्सॲपचे मेसेज, तोडणीला आलेल्या मजुरांची नावं, सगळं एका फायलीत लावा आणि पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार द्या. (कलम आता भारतीय न्याय संहितेचं 318 आहे, पण ‘चारशेवीस’ म्हणालात तरी हवालदाराला कळेल.) 2020 मध्ये प्रताप दिघावकर नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक असताना त्यांनी अशा फसलेल्या शेतकऱ्यांना पुढे येऊन तक्रारी द्यायला सांगितलं, आणि बऱ्याच जणांचे पैसे व्यापाऱ्यांकडून परत आले. तुमचे येतीलच अशी हमी मी देऊ शकत नाही. तक्रार दादांनी द्यायची, तुम्ही शेजारी बसायचं. तिथे मध्ये बोलायचं नाही. सोसायटीच्या सचिवांना मात्र तुम्ही भेटा, हप्ते पुढे ढकलून मिळतात का ते विचारा. हे काम आत्ता दादांच्याने होणार नाही.

बोललात सगळ्यांसमोर, तर मागे घ्यायचं तेही सगळ्यांसमोर. भाषण नको. उन्हाळ्यातली खरड छाटणी तोंडावर आहे, मजूर मिळत नाहीत असं तुम्हीच लिहिलंय. रविवारी कात्री घेऊन जा आणि दादांच्या शेजारची ओळ धरा.

घड्याळही बरोबर न्या. ‘पोराचं मनगट बारीक आहे अजून, दहावी झाला की तूच दे’ एवढं म्हणा, आणि त्यांच्या हातात बांधा.