साउथ केन्सिंग्टन : फुकट दाराचं तिकीट, आणि साताऱ्याला गेलेली वाघनखं

तुमचा प्रश्न वाचून हसावं की रडावं कळेना. सत्तरी ओलांडलेले आईवडील, नऊ वर्षांची मुलगी, लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टनसाठी एकच दिवस, आणि एजन्सीने दिलेला कागद : दहाला नॅचरल हिस्ट्री म्युझियम, बाराला सायन्स म्युझियम, दोनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट (म्हणजेच व्ही अँड ए), चारला अल्बर्ट हॉल, सगळं 'स्किप द लाइन' तिकिटांसह. शिवाय 'महाराजांची वाघनखं दाखवू' हे तोंडी आश्वासन. यातलं काय गाळू, असं तुम्ही विचारलंय. आम्हालाही जवळजवळ असाच कागद मिळाला होता. एजन्सी तीच आहे की दुसरी, मला ठाऊक नाही आणि नाव घ्यायचंही नाही. पण वेळापत्रक एकाच साच्यातून निघालेलं दिसतंय.

व्हिसा, विमा, लंडनच्या बस-रेल्वेचं ऑयस्टर कार्ड यावर लिहीत नाही, ते तुम्ही बघितलंच असेल. थेट मुद्द्यावर येतो.

या तिन्ही म्युझियमना सर्वसाधारण प्रवेशाचं तिकीटच नाही. ब्रिटनमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांचा प्रवेश २००१ च्या डिसेंबरपासून मोफत आहे. पैसे पडतात ते खास प्रदर्शनांना, किंवा सायन्स म्युझियममधल्या 'वंडरलॅब'सारख्या वेगळ्या विभागाला. गर्दीच्या दिवसांसाठी वेळेचा स्लॉट घ्यायचा तर म्युझियमच्या स्वतःच्या संकेतस्थळावर घ्यावा, तोही फुकट. मग 'स्किप द लाइन' म्हणजे काय? आमच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच निघाला, की छत्री उंचावलेला एक माणूस स्टेशनबाहेर भेटला आणि आम्हाला त्याच दाराशी, त्याच रांगेत घेऊन उभा राहिला. रांग असते ती बॅगतपासणीची. ती कुणालाच चुकत नाही. दारावरच्या बाईंनी आमचे छापील कागद उलटेपालटे करून पाहिले आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, हे आमचे नाहीत, पण तुम्हाला यांची गरजही नाही, या आत.

पैसे गेल्याचं दुःख एक वेळ सोडा. खरं नुकसान पुढे झालं.

माझे वडील सातारचे. त्यांच्या दृष्टीने लंडनला जाण्याचं कारण एकच, वाघनखं. व्ही अँड ए ला पोचेपर्यंत दोन म्युझियमं पायाखालून गेलेली, गुडघे बोलायला लागलेले. आत गेल्यावर गाइड म्हणाला की ती 'सध्या दुरुस्तीला' आहेत. वडिलांना ते पटेना. त्यांनी माहितीच्या टेबलाशी जाऊन मला विचारायला लावलं. तिथल्या मुलीने संगणकात पाहिलं, मग पडदा आमच्याकडे वळवला : ती वस्तू महाराष्ट्रात आहे. २०२४ च्या जुलैत तीन वर्षांच्या कराराने ती आली, आणि पहिला मुक्काम सातारा! मराठी वर्तमानपत्रांत महिनाभर गाजलेली बातमी. वडील आजारपणात होते, मी परदेशी नोकरीत, आम्हा दोघांच्याही नजरेतून ती निसटली हे मान्य. पण वाघनखांच्या नावावर मराठी माणसांना सहल विकणाऱ्या कार्यालयाला ती ठाऊक नसावी? वडील मुलीकडे बघून मराठीतच म्हणाले, "म्हणजे मी साताऱ्याहून इथे आलो, आणि ती इथून साताऱ्याला गेली."

परत आल्यावर त्या कार्यालयात गेलो. काउंटरवरचं उत्तर : "सर, ब्रोशर जुनं छापलेलं आहे." पैशांचं विचारलं तर म्हणे पैसे लंडनच्या व्हेंडरकडे गेले. व्हेंडरला ई-मेल केली तर तो म्हणतो, तुमचा व्यवहार भारतातल्या एजन्सीशी, त्यांनाच विचारा. पुन्हा कार्यालयात गेलो तर काउंटरवर नवीन मुलगा, त्याला पहिल्यापासून सांगा. शेवटी मिळालं काय, तर पुढच्या सहलीवर सवलतीचं कुपन, तेही मुदतीचं. मी ते तिथेच टेबलावर ठेवून आलो. असो. रक्तदाब वाढतो, पुढे जातो.

वाघनखांबद्दल दोन शब्द, कारण तुमचे वडीलही विचारतील. ती जेम्स ग्रँट डफ याच्याकडून आलेली आहेत. १८१८ नंतर तो साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी होता. पेशव्यांच्या प्रधानाने ती त्याला दिली, असं त्यांच्या पेटीवरच्या मजकुरात आहे. अफजलखानाच्या वधात वापरलेली ती हीच का, याची खातरजमा करता येत नाही असं व्ही अँड ए स्वतःच सांगतं. यावर इथे वाद घालणाऱ्यांना साष्टांग नमस्कार, मी उतरणार नाही. मुद्दा एवढाच, की त्या म्युझियमच्या संकेतस्थळावर वस्तूचं नाव टाकलं की ती सध्या मांडलेली आहे की नाही आणि असेल तर कुठल्या खोलीत, हे कळतं. निघायच्या आदल्या रात्री एकदा बघा. तिथेच असलेल्या टिपू सुलतानाच्या लाकडी वाघाचंही तसंच. तो कुठल्या दालनात आहे, दालन उघडं आहे का, हे गाइडला नाही, संकेतस्थळाला विचारा.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. माझं मत : दोन म्युझियमं गाळा. होय, दोन. मी इतिहासाकडे झुकलेला माणूस आहे, मुलगी रॉकेट-इंजिनांची वेडी असेल तर सायन्स म्युझियम ठेवा आणि मला शिव्या द्या. पण एका दिवसात तीन नकोत. एजन्सीवाले ती ओवतात कारण नकाशावर ती एकमेकांना खेटून आहेत. खेटून आहेत त्याचं कारणही मजेशीर आहे. १८५१ साली हाइड पार्कमध्ये जे महाप्रदर्शन भरलं त्यात सुमारे १,८६,००० पौंड शिल्लक राहिले. राणी व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट याच्या पुढाकाराने त्या पैशातून इथली जमीन घेतली गेली आणि एकेक संस्था उभी राहत गेली. म्हणून सगळं चालत पाच-दहा मिनिटांवर. पण चालणं रस्त्यावर नाही, आत आहे. एकट्या व्ही अँड ए ची दालनं दीडशेच्या घरात आहेत. ज्येष्ठांचे पाय तिथे संपतात.

आईवडील बरोबर असल्याने मी तरी व्ही अँड ए च निवडेन, आणि तेही चार गोष्टींपुरतं.

पहिली, इस्लामी कलेच्या दालनातला अर्दबीलचा गालिचा. १५३९-४० साली इराणमध्ये विणलेला, दहा मीटरहून लांब, दालनाच्या मधोमध काचेखाली जमिनीवरच पसरलेला. रंग विटू नयेत म्हणून तो एरवी अंधुक ठेवतात. दर तासाला आणि अर्ध्या तासाला दहा मिनिटं दिवे वाढवतात. गाइड लोक नेमके मधल्या वेळात आणतात, मग माणसं 'अंधारच आहे' म्हणून पुढे सरकतात. तुम्ही बाकावर बसून दिवे लागायची वाट बघा. मुलीला सांगा, मधल्या सोनेरी चक्राच्या दोन टोकांना दोन दिवे लटकताना विणलेत ते शोध, आणि दोन्ही सारखे आहेत का ते सांग. नाहीत, एक मोठा आहे आणि एक लहान. त्याची कारणं जाणकार वेगवेगळी सांगतात. मुलीचं कारणही ऐकून घ्या.

दुसरी, प्लास्टरच्या प्रतिकृतींची दालनं, १८७३ ची. रोमचा ट्रेजनचा स्तंभ छताला लागेल म्हणून दोन तुकडे करून शेजारी शेजारी उभा केलाय. मायकेलअँजेलोच्या डेव्हिड या नग्न पुतळ्याची प्रतिकृतीही तिथेच. ती राणीला भेट आली होती. राजघराण्यातल्या स्त्रिया यायच्या तेव्हा झाकायला म्हणून प्लास्टरचं अंजिराचं पान बनवलं गेलं. ते अडकवायला आकडे होते. आता ते पान पुतळ्यामागे वेगळ्या पेटीत आहे. आमच्या मातोश्री एवढ्या म्युझियममध्ये एकदाच मोठ्याने हसल्या, त्या इथे.

तिसरी, टिपूचा वाघ, दालन उघडं असेल तर. गोऱ्या शिपायावर चढलेला लाकडी वाघ, पोटात भाते आणि ऑर्गन. मूठ फिरवली की वाघाची गुरगुर, माणसाचं कण्हणं आणि त्याच्या हाताची वरखाली हालचाल. श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने तो इथे आणला.

चौथी गोष्ट म्हणजे बसणं. मधल्या चौकात लंबगोल उथळ पाणी आहे. उन्हाळ्यात मुलं त्यात पाय बुडवून खेळतात, कुणी हाकलत नाही. तिथलं उपाहारगृह जगातलं पहिलं म्युझियम-उपाहारगृह मानलं जातं. टाइल्सच्या खांबांची ती जुनी खोली बघण्यासारखी आहे. चहा महाग आहे, पण तुम्ही चहाचे नाही, खुर्चीचे पैसे देताय असं समजा. व्हीलचेअर मागितली तर मोफत मिळते. आमच्या वडिलांनी 'मी काय म्हातारा झालो का' म्हणून नाकारली. तुमचे ऐकत असतील तर दारातच घ्या.

साउथ केन्सिंग्टन स्टेशनातून म्युझियमकडे १८८५ चा टाइल्सचा भुयारी रस्ता जातो. पावसात तो उत्तम आहे, पण स्टेशनात जिने आहेत. गुडघ्यांचा प्रश्न असेल तर ७४ नंबरची बस घ्या, ती व्ही अँड ए जवळ सोडते.

सकाळीच मुलगी हट्ट करून बसली आणि नॅचरल हिस्ट्रीला गेलातच, तर तेवढंच करा आणि व्ही अँड ए दुसऱ्या दिवसावर ढकला. शुक्रवारी ते रात्री दहापर्यंत उघडं असतं आणि संध्याकाळी गर्दी ओसरते. मला विचाराल तर ज्येष्ठांना न्यायची वेळ तीच. नॅचरल हिस्ट्रीत मधल्या मोठ्या दालनात निळ्या देवमाशाचा २५.२ मीटर लांबीचा सांगाडा छताला टांगलाय, सूर मारल्यासारखा. १८९१ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलेला हा मासा २०१७ पासून त्या जागी आहे. पण सगळे फक्त वर बघतात. आल्फ्रेड वॉटरहाउसने १८८१ ची ही इमारत टेराकोटाने मढवली, आणि तिच्यावरचे प्राणी मनात येईल तसे बसवलेले नाहीत : पूर्वेच्या अंगाला नामशेष झालेले, पश्चिमेला हयात असलेले. आतल्या कमानींवर माकडं चढतायत. मुलीला ती मोजायला लावा, तुम्हाला अर्धा तास उसंत मिळेल.

अल्बर्ट हॉल बाहेरूनच पुरे. कार्यक्रमाला जाणार असाल तर गोष्ट वेगळी. समोर बागेत अल्बर्टचं सोनेरी स्मारक आहे. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार खंडांचे शिल्पसमूह आहेत, त्यात आशियाच्या वाट्याला बसलेला हत्ती आलाय. आईवडिलांचा फोटो तिथे काढा. केन्सिंग्टन पॅलेसला तिकीट आहे आणि खरेदी थेट त्यांच्याकडूनच करा. पण त्याच दिवशी नको.

एक भलतीच टीप : लंडनचं रद्द झालं तर मुंबईत राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बघा. १८७२ ला ते उघडलं तेव्हा त्याचंही नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच होतं.

एजन्सीला काय लिहायचं ते सांगतो, पण मी वकील नाही. तुमच्या करारात काय आहे ते आधी वाचा. ई-मेलवरच लिहा, फोनवर बोलू नका. विमान आणि हॉटेल ठेवून हा एक दिवस पॅकेजमधून काढायला सांगा. 'पॅकेज तोडता येत नाही' असं उत्तर आलं तर तिन्ही म्युझियमच्या तिकिटांची रक्कम वेगवेगळी लिहून मागा आणि ती कुणाला दिली जाते तेही विचारा. आम्ही हे उशिरा विचारलं आणि आकडा काही मिळाला नाही. तुमची पूर्ण रक्कम अजून भरायची आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे उत्तर येईपर्यंत शेवटचा हप्ता रोखून धरता येईल का, तेवढं करारात शोधा.