गार्डाचा डबा : धबधबा नको, पळस बघा

प्रश्न : काका, नमस्कार. होळीनंतर ठाण्याहून माझी नणंद आणि तिचे यजमान येताहेत. पातालपानी–कालाकुंड हेरिटेज गाडीचे व्हिडिओ बघून दोघं अगदी हरखलेत. मार्चअखेर गाडी आणि धबधबा दोन्ही दाखवता येतील का? – एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : ताई, पाहुणे ठाण्यातून निघायच्या आतच सांगून टाका की तो व्हिडिओ श्रावणातला आहे. मार्चअखेर पातालपानीला उघडा कातळ आणि खाली डबकं, एवढंच दिसायचं. गाडीही पावसाळ्याची आणि थंडीची. उन्हं तापली की बहुधा बंद असते. रेल्वेच्या आरक्षणाच्या साइटवर बघा, दिसली तर तिकीट काढा. नाही दिसली तरी बेत मोडू नका.

मी याच घाटात मीटरगेजवर, म्हणजे मीटरभर रुंदीच्या रुळांवर, गार्ड होतो, तेव्हा माझं मत थोडं पक्षपाती धरा. मला हा घाट फाल्गुनातच आवडतो. पानं झडलेली असतात, त्यामुळे रूळ डोंगराच्या अंगाने कसे वळवत नेलेत ते खालून स्पष्ट दिसतं. चढ चाळीसाला एक, म्हणजे चाळीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. मोटारवाल्याला याचं काही वाटणार नाही, पण रुळावरच्या गाडीचा जीव निघतो. म्हणून घाटाच्या पायथ्याच्या कालाकुंडला गाडीच्या मागे आणखी एक इंजिन लागायचं, बँकर. पुढचं ओढणार, मागचं ढकलणार, आणि दोन्ही ड्रायव्हरांचं शिट्ट्यांवर बोलणं चालायचं. उतरताना पातालपानीला ब्रेक तपासल्याशिवाय गाडी पुढे सोडत नसू. तिथेच टंट्यामामाचं देऊळ आहे. इंग्रजांशी झुंजलेल्या टंट्या भिल्लाला त्यांनी १८८९ मध्ये जबलपूरला फाशी दिली; इकडे तो अजून मामाच आहे. प्रवासी म्हणायचे गाडी मामासाठी थांबली, नियमपुस्तक म्हणायचं ब्रेकसाठी. आम्ही दोघांनाही हात जोडायचो.

नणंदेचे यजमान हिशेबी असतील तर त्यांना हेही सांगा : ही लाइन होळकरांच्या पैशावर उभी राहिली. तुकोजीराव दुसऱ्यांनी १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, मुदत १०१ वर्षं, व्याज साडेचार टक्के. इंदूरला रेल्वे हवी होती, म्हणून संस्थानिकच सावकार झाला. त्यातून घाटात चार बोगदे खोदले गेले, आणि १८७६ मध्ये नर्मदेवरचा पूल खुला झाला.

आता बेत. पोहे-जिलेबी डब्यात भरून घ्या, खाण्यासाठी थांबू नका. उजाडायच्या सुमारास खंडवा रोडने सिमरोल, मग भेरूघाट उतरून चोरल. तिथून कालाकुंडच्या दिशेने नदीच्या कडेकडेने पायी निघा. नदी रोडावलेली असते, मधेमधे डोह. दोन्ही अंगांना पळस. लांबून सगळेच बघतात. तुम्ही एक फांदी जवळ ओढून बघा. पान एक नाही, कळीचं देठाकडचं आवरण काळपट आणि मखमली, आणि त्यातून बाहेर आलेली केशरी पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. थोडा वेळ उभं राहिलात तर शिंजीर पक्षी येतोच मधासाठी.

मोहाच्या झाडाखाली मात्र पाय जपून टाका. फुलं पहाटे गळतात, पिवळट, रसाने टचटचीत, वास असा की मोह दिसायच्या आधी कळतो. झाडाखालची जमीन झाडून ठेवलेली दिसली तर ती कुणाची तरी राखलेली आहे. बायका-पोरं टोपल्या घेऊन वेचतात, त्यावर घरात चार पैसे येतात. गंमत म्हणून मूठभर उचलू नका.

कालाकुंडला कलाकंद मिळाला तर पानावरचाच घ्या. पूर्वी गाडी थांबली की खिडकीखाली विकणाऱ्यांची रांग लागायची. रोजची गाडी बंद झाल्यापासून तो जोर राहिला नाही. ऊन चढायच्या आत परत फिरा. आणि रंगपंचमीला अजिबात जाऊ नका. राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, सोडून पाहुण्यांना जंगलात नेलंत तर शेजारी बोलायचे बंद होतील.

प्रश्न : नातवंडांना घाटातल्या बोगद्यातून चालत नेलं तर चालेल का? एरवी तिथे गाडी नसतेच. – एक आजोबा, राजेंद्रनगर

उत्तर : नाही. गाडी नसते हे तुम्ही कुणाच्या भरवशावर म्हणता? तपासणीची ट्रॉली वेळापत्रक लावून येत नाही. शिवाय रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली विनापरवाना रुळावर जाणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नातवंडांना बाहेरून बोगदा दाखवा.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये मुलाकडे इंग्लंडला, लीड्सला जाते आहे. तो दिवसभर ऑफिसात. एकटीने करता येईल अशी रेल्वेची एखादी सहल सांगाल? गुडघे बरे आहेत. – तिलकनगरच्या एक आजी

उत्तर : आजी, तुमच्या दारातच सोनं आहे. लीड्सहून कार्लाइलची गाडी धरा. त्यातला सेटल ते कार्लाइल हा टप्पा प्रवाशांना १८७६ मध्ये खुला झाला, म्हणजे आपल्या नर्मदेच्या पुलाच्याच वर्षी. १९८० च्या दशकात तो बंद करायला निघाले होते, लोकांनी आरडाओरडा केला आणि १९८९ मध्ये वाचला. आमच्या मीटरगेजला ते भाग्य लाभलं नाही, असो.

रिबलहेडला चोवीस कमानींचा दगडी पूल आहे. गंमत अशी की गाडीत बसलं की तो पूल दिसतच नाही, कारण आपण त्याच्यावर असतो. म्हणून रिबलहेड स्टेशनात उतरा आणि पायवाटेने कमानींखाली जा. त्या दिवसांत माळावर कोकरं असतात. वाट खाजगी शेतातून गेली तरी ‘पब्लिक फूटपाथ’ची पाटी असेल तर बिनधास्त जा, फक्त उघडलेलं फाटक मागे लावायचं, तिथे हा नियम कडक पाळतात. मे असला तरी वारा बोचतो, खाली चिखल असतो. साडीऐवजी पंजाबी ड्रेस, घट्ट बूट आणि टोपी.

परतीची गाडी किती वाजता ते उतरायच्या आधी बघून ठेवा, कारण एक चुकली तर पुढची लगेच नसते. स्टेशनाजवळ एक पब आहे. नावाला घाबरू नका, आत चहा मागता येतो.