सकाळी मरतं, दुपारी चालतं: बोटीचं इंजिन खोलायच्या आधी पेट्रोलची लाइन बघा

भाऊ, बोटीचं इंजिन थंड सकाळी सुरू होऊन मरतं आणि दुपारी चालतं, ही तुमची पोस्ट वाचली आणि आमचा एक अख्खा हिवाळा डोळ्यापुढे आला. सकाळी चोक ओढून दोरी मारली की इंजिन फुरफुरतं, जरा चालतं आणि मरतं. कोणी बल्ब (टाकीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या पाइपमधला, हाताने दाबायचा रबरी फुगा) दाबत बसलं तर तग धरतं. ऊन चढलं की जसं काही झालंच नाही असं एका दोरीत सुरू. आमचंही जुनं टू-स्ट्रोकच, गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला जाळी टाकायच्या बोटीवरचं. तेलाचं प्रमाण, प्लग, किल स्विचची (इंजिन बंद करायच्या बटणाची) दोरी हे तुम्ही बघितलंच असेल, त्यात शिरत नाही.

सुरू होऊन मरतं म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत होतं तेवढं पेट्रोल जळलं आणि मागून आलं नाही. ठिणगीवर संशय घेऊ नका. बल्ब दाबल्यावर चालतं, म्हणजे बल्बपासून पुढचा रस्ताही मोकळा. आता मुख्यतः दोनच गोष्टी उरतात. एक तर टाकीकडची लाइन एअर घेते, नाहीतर इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) गेला. फाटलेला डायफ्राम दुपारी आपोआप बरा होत नाही. (कडक झालेला थोडाफार होतो, म्हणून शंभर टक्के सांगत नाही.) मी मेकॅनिक नाही, पण पैज लावायची तर लाइनवरच लावीन.

लोक फसतात ते इथे. टाकी आणि बल्बच्या मधल्या भागात पेट्रोल ओढलं जातं, ढकललं जात नाही. तिथे ओ-रिंग (जोडातली रबराची गोल कडी) गेली तर थेंबभरही पेट्रोल बाहेर येत नाही, फक्त हवा आत जाते. हात कोरडा, वास नाही, म्हणून माणूस म्हणतो लाइन चांगली आहे. जुनं रबर थंडीत आणखी कडक होतं आणि नीट बसत नाही. उन्हात नरम पडलं की बसतं. आमच्या पूर्व विदर्भात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, तेवढं पुरे.

आता आमची कर्मकहाणी. इंजिन सोसायटीला एका योजनेतून मिळालेलं, म्हणून दुरुस्तीही त्याच ऑफिसच्या मार्फत. सील तोडलं तर जबाबदारी तुमची, असा दम. अर्ज दिला, मग ‘इंजिन घेऊन या’. टेम्पो करून जिल्ह्याला नेलं. साहेब जेवून आले तोवर दुपार झाली. त्यांच्या माणसाने खर्रा घोटत घोटत ऑफिसची टाकी आणि ऑफिसचीच लाइन जोडली, ड्रममध्ये पाणी भरलं, एक दोरी मारली. सुरू! कागदावर शेरा पडला, ‘तक्रारीत तथ्य नाही’. आमची लाइन घरी बोटीतच पडलेली, आणि काऊन आणली नाही म्हणून विचारायचंही कोणाला सुचलं नाही. पुढे त्यांच्याच सांगण्यावरून कार्बोरेटर बदलला, स्वखर्चाने. तरी सकाळी तेच. आपण वल्ही मारत काठाला येईपर्यंत व्यापाऱ्याची गाडी निघून गेलेली, मग मासा मिळेल त्या भावात. तो राग अजून आहे बाप्पा. असो.

म्हणून कुठेही न्यायचं तर इंजिन, टाकी, लाइन तिन्ही न्या, आणि रात्री तिथेच ठेवून सकाळी सुरू करून दाखवा म्हणा. त्याआधी घरी हे करा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. बल्ब उभा धरा, बाण इंजिनाकडे आणि वर, म्हणजे आतल्या झडपा नीट बसतात. आडवा धरून दाबत राहणारे खूप पाहिले. दगडासारखा कडक झाला पाहिजे. कितीही दाबला तरी होत नसेल तर बहुधा टाकीकडून हवा येते. चपटा होऊन तसाच राहिला तर हवेचा स्क्रू बंद आहे किंवा मागे चोंदलंय. कडक होऊन थोड्या वेळात ढिला पडला तर बल्बची झडप किंवा कार्बोरेटरची (पेट्रोल अडवणारी) सुई खराब. दाबताना हूड (इंजिनावरचं झाकण) उघडा ठेवा, बिडी लांब.

सगळ्यात सोपं म्हणजे शेजारच्या बोटीची टाकी आणि लाइन एका थंड सकाळी मागून आणा. इंजिन चाललं तर निकाल लागला. मग तुमच्या लाइनच्या दोन्ही टोकांच्या ओ-रिंगा, बल्ब आणि क्लिपा एकदमच बदला. एकेक बदलत बसण्यात अर्थ नाही. पाइप पेट्रोलचाच घ्या, फवारणी पंपाचा चालत नाही.

आणखी एक. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते मानवत नाही, आणि पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट तळाशी बसतं, आणि टाकीची नळी तळातूनच ओढते. पावसाळ्यात अर्धी टाकी तशीच ठेवली असेल तर ते पेट्रोल वापरू नका, काचेच्या बाटलीत काढून बघा, दोन थर दिसतात का.

कार्बोरेटर खोलायला घेतला असेल तर तूर्त राहू द्या. लाइन बदलूनही सकाळी मेलं तर डायफ्रामचं किट मागवा. मॉडेल नंबर बोटीला अडकवायच्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवर असतो, तिचा फोटो दुकानदाराला पाठवा, नुसतं ‘पंधरा एचपी’ म्हटलं तर भलतंच किट येतं.