लिव्हरपूलचा फुटबॉलपटू सुआरेझवर वर्णद्वेषी शिवीगाळीसाठी बंदी आली तेव्हा क्लबचे चाहते त्याच्याच पाठीशी का उभे राहिले?

मुख्य कारण म्हणजे समोर कट्टर प्रतिस्पर्धी मँचेस्टर युनायटेडचा खेळाडू होता. पॅट्रिस एव्हराच्या जागी दुसऱ्या एखाद्या क्लबचा खेळाडू असता, तर एवढा त्वेष दिसला नसता असं मला ठामपणे वाटतं.

ऑक्टोबर 2011 मध्ये लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावरच्या सामन्यात लुईस सुआरेझने वर्णद्वेषी शिवीगाळ केली, अशी एव्हराची तक्रार होती. डिसेंबरमध्ये इंग्लिश एफएच्या (तिथल्या फुटबॉल संघटनेच्या) स्वतंत्र समितीने आठ सामन्यांची बंदी आणि 40,000 पौंड दंड ठोठावला. चाहत्यांचं म्हणणं एकच: पुरावा कुठाय? एकाच्या शब्दाविरुद्ध दुसऱ्याचा शब्द! पण समितीचा अहवाल 115 पानांचा आहे. दोघांच्या जबान्या चित्रफितीशी ताडून पाहिल्यावर सुआरेझचं म्हणणं टिकलं नाही, हे त्यात सविस्तर दिलंय. तो अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत लोकांनी बाजू घेऊन टाकली होती.

शिवाय क्लबनेच आगीत तेल ओतलं. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी विगनविरुद्धच्या सामन्याआधी लिव्हरपूलचे खेळाडू सरावाला उतरले ते सुआरेझचं चित्र छापलेले टी-शर्ट घालून. प्रशिक्षक केनी डाल्ग्लिश चाहत्यांचं दैवत. तोच पाठीशी म्हटल्यावर सामान्य चाहता वेगळा विचार कशाला करेल? जानेवारीत एव्हरा अ‍ॅनफिल्डवर परतला तेव्हा चेंडू पायाशी आला की हुर्यो. ज्याने तक्रार केली, त्यालाच शिक्षा! ते बघून आजही चीड येते.

टी-शर्ट घातलेल्यांपैकी जेमी कॅराघरने 2019 मध्ये टीव्हीवर एव्हराची समोरासमोर माफी मागितली.